धरलेला सीओटू सोडवायचा कसा

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. काचेचा पेला, तळाला पांढरा गाळ, वर नितळ पाणी. बाजूला स्ट्रॉ.)

हा पेला बघा. काल रात्री पानाच्या टपरीवरून चुन्याची पुडी आणली, चमचाभर चुना पाण्यात ढवळून ठेवला, सकाळपर्यंत गाळ खाली बसला आणि वर जे पाणी राहिलं ती चुन्याची निवळी. शाळेत हा प्रयोग सगळ्यांना असतो, कुणी करून बघितलेला, कुणी नुसता पुस्तकात वाचलेला. आता मी स्ट्रॉने यात फुंकर घालतेय. फक्त फुंकायचं हं, ओढायचं नाही, चुन्याचं पाणी तोंडात गेलं तर भाजतं, लहान मुलं करणार असतील तर शेजारी उभे राहा.

(दृश्य: बुडबुडे. पाणी हळूहळू पांढरं.)

झालं दुधाळ. माझ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, आपण सरळ सीओटू म्हणूया, तो चुन्याने धरला आणि त्याची चुनखडी झाली, अगदी बारीक, पिठासारखी. ना मोटर ना वीज. जगात आज करोडो डॉलर घालून हवेतून आणि कारखान्यांच्या धुरातून सीओटू काढायची जी यंत्रं उभी राहतायत त्यांच्या पोटात शेवटी असंच काहीतरी चाललेलं असतं, एक पदार्थ असतो ज्याला सीओटू आवडतो आणि तो त्याला धरून ठेवतो.

आमच्या गावच्या घराला दिवाळीच्या आधी चुना लागायचा. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की ते पिंप अक्षरशः उकळायचं, वाफा यायच्या, आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. मग गार झालं की नीळ घालून भिंतींवर दोन हात. पहिले काही दिवस भिंतीला टेकलं की पाठीला पांढरं लागायचं, मग हळूहळू कमी व्हायचं. तेव्हा वाटायचं वाळतंय म्हणून. नुसतं वाळत नव्हतं, भिंत हवेतला सीओटू ओढून घेत होती आणि तिच्यावर परत दगड तयार होत होता, पातळ, पण दगडच. आपल्या किल्ल्यांचे चिरे ज्या चुन्यात बसवलेत, जो बैलांच्या घाण्यात मळला जायचा, त्याचंही असंच, तो शेकडो वर्षं हवा खात खात घट्ट झालाय.

मग प्रश्न पडतो ना, की एवढं सोपं असेल तर सगळीकडे चुना पसरूया की.

(दृश्य: चुन्याच्या भट्टीचं जुनं छायाचित्र.)

चुना येतो कुठून? चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजला की त्यातून सीओटू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध दगड असेल तर १०० किलोतून ४४ किलो वायू आणि ५६ किलो चुना. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव अशाच भट्ट्यांवरून पडलंय. म्हणजे आमच्या भिंतीने जेवढा सीओटू घेतला तेवढाच, खरं तर त्याहून जास्तच, आधी भट्टीने हवेत सोडलेला होता आणि वर भट्टीत जळलेल्या लाकडाचा किंवा कोळशाचा धूर वेगळा. हिशेबात आपण मायनसमध्येच.

या सगळ्या विषयाची नाडी मला इथे सापडली. सीओटू धरायला काही लागत नाही, तो आपण होऊन येऊन चिकटतो. त्याला परत सोडवायला लागतं, म्हणजे धरणारा पदार्थ मोकळा व्हावा, पुन्हा वापरता यावा आणि शुद्ध वायू हातात यावा, यासाठी उष्णता लागते, आणि सगळा खर्च तिथे आहे. कुठलंही यंत्र बघताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, की हे सोडवतं कसं.

(दृश्य: चांद्रयानाचं रेखाचित्र, चौकोनी डबा आणि गोल खाचा.)

सोडवायची सोय नसेल तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे अपोलो १३, अमेरिकेची चंद्रमोहीम. एप्रिल १९७०. चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघा अंतराळवीरांना चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात, आसरा घ्यावा लागला, जे दोघांसाठी आणि दोनेक दिवसांसाठी बनवलेलं होतं. श्वासातला सीओटू धरायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे होते, ते एकदा भरले की संपले. मुख्य यानातले जादा डबे होते पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली खाच गोल. मग जमिनीवरच्या इंजिनियरांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, स्पेससूटच्या नळ्या आणि चिकटपट्टी यातून जोडणी कशी करायची ते रेडिओवर सांगितलं आणि वरच्यांनी ती केली. तिघं परत आले. आजच्या अंतराळ स्थानकात झिओलाइट नावाचे बारीक छिद्रांचे मणी असतात, ते सीओटू धरतात, मग त्यांना तापवून आणि बाहेरच्या पोकळीला जोडून तो सोडवतात, मणी पुन्हा तयार. झिओलाइट हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्या घराजवळ परत भेटणार आहे.

आणि ऑपरेशन थिएटरमध्ये भूल द्यायच्या मशीनवर एक पारदर्शक डबा असतो बघा, आत पांढऱ्या खड्यांसारखं काहीतरी. तो सोडालाइम, म्हणजे परत चुनाच मुख्यतः. पेशंटच्या श्वासातला सीओटू तो खातो म्हणून भुलीचा गॅस फिरवून परत वापरता येतो. दाणे संपत आले की बरेचदा जांभळे दिसायला लागतात, मग थिएटरमधली माणसं डबा रिकामा करून नवीन भरतात. इथेही सोडवणं नाही, टाकून द्यायचं. एका पेशंटसाठी ते परवडतं.

चंद्रपूरसाठी परवडत नाही.

(दृश्य: औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, पहाटेची वेळ.)

चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. कोळशाच्या अशा केंद्राच्या धुरात सीओटू १२ ते १५ टक्के असतो. हा धूर धुवायची पद्धत नवी अजिबात नाही, १९३० मध्ये अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांना तिचं पेटंट मिळालंय, आणि नैसर्गिक वायूच्या कारखान्यांत ती गेली कित्येक दशकं रोज चालते. त्यात वापरतात अमाइन, अमोनियाच्या घराण्यातला द्रव, वासाला उग्र, थोडा माशासारखा. एक उंच टॉवर असतो, आत धातूच्या पातळ नागमोडी पत्र्यांचं पॅकिंग भरलेलं, का तर द्रवाला पसरायला भरपूर जागा मिळावी. वरून अमाइनचं पाणी झिरपत येतं, खालून धूर चढतो, चाळीसेक अंशांना थंड केलेला. वाटेत दोघांची गाठ पडते, अमाइन सीओटूला धरतं, आणि वरून जो धूर बाहेर पडतो त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास सीओटू कमी झालेला असतो.

मग दुसरा टॉवर. इथे ते भरलेलं अमाइन १२० अंशांच्या जवळपास तापवतात, स्टीमने. पकड सुटते, वरून जवळजवळ शुद्ध सीओटू निघतो, खालून मोकळं अमाइन परत पहिल्या टॉवरकडे. असं चक्र दिवसरात्र.

आता त्या स्टीमचा हिशेब. नेहमीच्या अमाइनला एक टन सीओटू सोडवायला साधारण साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. आपल्याकडचा राखेचा कोळसा धरला तर टनामागे दोनशे किलोच्या वर कोळसा फक्त पकड सोडवायला. ही स्टीम टर्बाइनच्या वाट्याची, ती इकडे वळवली की तेवढी वीज कमी, आणि वर कंप्रेसर, कारण सीओटू पाइपातून न्यायचा तर शंभरेक पट दाबावा लागतो. सगळं धरून केंद्राची पाचवा हिस्सा तरी वीज जाते, कधी चौथा. चंद्रपूरच्या भाषेत सांगायचं तर ५०० मेगावॅटचा एक अख्खा संच तरी फक्त बाकीच्यांचा धूर धुण्यासाठी चालवायचा. तिथल्या लोकांनी त्या चिमण्यांखाली आयुष्यं काढलीयत, राख खाल्लीय, त्यांना कुणी सहज म्हणालं की कार्बन कॅप्चर लावून टाकू, तर हा आकडा आधी समोर ठेवायला हवा असं मला मनापासून वाटतं. शिवाय धुरातला सल्फर डायऑक्साइड अमाइनला खराब करतो, तो आधी काढावा लागतो, आणि आपल्या कित्येक केंद्रांत ती यंत्रणाच बसलेली नाही.

म्हणून सध्या डोळे आहेत ते सिमेंटकडे. कोळशाच्या विजेला सूर्य आहे, वारा आहे, पण सिमेंटमध्ये चुनखडी भाजावीच लागते, आणि भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी दगडाच्या पोटातला सीओटू बाहेर येणारच, चुनाभट्टीत यायचा तसाच. सिमेंटच्या धुराचा निम्म्याहून जास्त भाग हा दगडातलाच असतो. नॉर्वेत ब्रेविक गावी सिमेंट कारखान्याला जोडून २०२५ मध्ये मोठा प्लांट सुरू झाला, वर्षाला ४ लाख टन धरायची क्षमता, कारखान्याच्या एकूण सीओटूच्या साधारण निम्मा. तिथली युक्ती म्हणजे अमाइन तापवायला भट्टीचीच वाया जाणारी उष्णता वापरायची. मग तो वायू थंड करून, द्रव करून, जहाजात भरून किनाऱ्याने वर नेतात आणि समुद्राच्या तळाखाली साधारण २६०० मीटरवर दगडात सोडतात.

भारतातही झालंय. आयआयटी खरगपूरच्या दोन मुलांनी, अनिरुद्ध शर्मा आणि प्रतीक बुंब, २००९ मध्ये कार्बन क्लीन ही कंपनी काढली आणि कमी उष्णतेत पकड सोडणारा द्रव बनवला. २०१६ मध्ये तमिळनाडूत तूतीकोरिनच्या एका सोडा कारखान्यात कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६० हजार टन धरायचा प्लांट बसला. २०२१ मध्ये जमशेदपूरला टाटा स्टीलने ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंडाच्या भट्टीच्या, वायूवर रोज ५ टनांचा छोटा प्लांट लावला. तूतीकोरिनचं मला कौतुक आहे कारण ते सरकारी अनुदानाशिवाय उभं राहिलं, पण एक गोष्ट बोलायलाच हवी, तिथला सीओटू धुण्याच्या सोड्यात जातो, आणि तो सोडा काचेच्या भट्टीत पडला की वायू परत हवेत. वापर आणि साठवण यात हा फरक आहे, आणि बातम्यांत दोन्ही एकाच नावाखाली येतं.

(दृश्य: मुंबईतली एक लहान खोली, पंखा फिरतोय.)

इथपर्यंत धूर झाला. आता साधी हवा. ही खोली दहा बाय दहा, उंचीही दहाच फूट. यातल्या हवेत सीओटू किती असेल? दर १० हजार रेणूंत चारच्या थोडा वर, म्हणजे अख्ख्या खोलीत वजनाने वीस-बावीस ग्रॅम. चार चमचे साखर. तुमच्या स्कूटरमध्ये एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो सीओटू बाहेर पडतो. तो परत धरायचा तर अशा शंभराच्या वर खोल्यांमधली हवा पार स्वच्छ करून काढावी लागेल. एका लिटरला. मी हा हिशेब पहिल्यांदा वहीवर केला तेव्हा तीनदा तपासला, विश्वास बसेना.

म्हणून हवेतून धरणाऱ्या यंत्रात सगळ्यात आधी दिसतात ते पंखे, भिंतभर पंखे.

(दृश्य: आइसलँड. काळी जमीन, वाफेचे ढग, पंख्यांचे मोठे पेटारे.)

हे आइसलँडमधलं हेलिशेइडी. स्वित्झर्लंडच्या क्लाइमवर्क्सने इथे सप्टेंबर २०२१ मध्ये ओर्का नावाचा प्लांट सुरू केला. आठ पेटारे, प्रत्येक शिपिंग कंटेनरएवढा. पंखे हवा आत ओढतात, आत गाळण्या आहेत ज्यांच्यावर अमाइनच चिकटवलेलं असतं, द्रव नाही, घट्ट. गाळणी भरली की पेटाऱ्याची दारं बंद होतात आणि आतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास नेतात, सीओटू सुटतो, दारं परत उघडतात. ही उष्णता येते शेजारच्या भूगर्भातल्या वाफेच्या वीज केंद्रातून, म्हणून तर हे एवढ्या लांब, एवढ्या थंडीत नेऊन बांधलंय, सोडवायची उष्णता जिथे स्वच्छ आणि जवळ तिथे यंत्र.

ओर्काची कागदावरची क्षमता वर्षाला ४ हजार टन, आणि प्रत्यक्षात तो त्याच्या बराच खाली राहिलाय. सगळं जग मिळून कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या वर सीओटू सोडतं. भागाकार केला तर ओर्काचं पूर्ण क्षमतेचं एक वर्ष म्हणजे जगाचे साडेतीन सेकंद. २०२४ मध्ये शेजारीच ३६ हजार टनांचा मॅमथ सुरू झाला. तो पूर्ण भरून चालला तरी अर्धं मिनिट. मी हे त्या माणसांचा उत्साह मारायला सांगत नाहीये, त्यांनी जे केलं ते आधी कुणी एवढ्या मोठ्यावर केलं नव्हतं, पण चिमणीतून फुकट सोडायचं आणि मग शेकडो पट विरळ झाल्यावर पंखे लावून वेचायचं, हे उलटं काम आहे. चिमणी जिथे बंद करता येते तिथे आधी बंद करायला हवी. विमानं, शेती, आणि आधीच जे हवेत जाऊन बसलंय त्यासाठी हे पंखे.

कॅलिफोर्नियात ट्रेसी गावी एअरलूम नावाच्या कंपनीने २०२३ मध्ये जे केलं ते बघून मला आमचं पिंपच आठवलं. उंच रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये भिजवलेला चुना पसरलेला. उघड्या हवेत जे व्हायला एरवी कितीतरी काळ लागतो ते हे तीनेक दिवसांत करून घेतात, मग ती चुनखडी विजेच्या भट्टीत ९०० अंशांना, सीओटू धरून बाजूला, चुना परत ट्रेमध्ये. चुनाभट्टीत आणि यात फरक एवढाच, की इथे भट्टीचं तोंड बंद आहे आणि वीज कोळशाची नाही. वर्षाला हजार टन, छोटंच आहे.

मग धरलेला वायू ठेवायचा कुठे. टाकीत ठेवला तर कधीतरी गळणार.

(दृश्य: विहिरीचं तोंड, पाइप, बाजूला काळा सच्छिद्र दगड.)

हेलिशेइडीतलंच उत्तर मला सगळ्यात आवडतं. कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पात सीओटू पाण्यात विरघळवतात, म्हणजे बाटलीतला प्यायचा सोडाच बनवतात, आणि तो खाली ४०० ते ८०० मीटरवर बेसाल्टमध्ये सोडतात. सोडा आंबट असतो, तो दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह थोडं थोडं विरघळवतो, आणि मग त्यांची आणि कार्बनची मिळून नवी खनिजं बनतात. चुन्याच्या निवळीत झालं तेच, जमिनीखाली. सगळ्यांना वाटायचं याला शेकडो, हजारो वर्षं लागतील. २०१२ मध्ये चाचणी केली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं की दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त सीओटूचा दगड झाला होता. पुढच्या निरीक्षणाच्या विहिरीतला सबमर्सिबल पंप मध्येच बंद पडला, बाहेर काढला तर कॅल्साइटने, म्हणजे चुनखडीच्याच स्फटिकांनी, माखलेला, आपल्या गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात ना, तसा. पंप गेला पण पुरावा हातात आला.

बेसाल्ट म्हणजे काय ते महाराष्ट्रात सांगायला नको. सह्याद्री तोच, अजिंठ्याची लेणी त्यातच, आपल्या पाट्या-वरवंट्याचा काळा दगडही तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, आजही ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले, पश्चिम घाटाकडे जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. आयआयटी मुंबईत २०२२ पासून सीओटू धरण्या-वापरण्यावरचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि दख्खनच्या दगडात तो मुरवता येईल का यावर आपले शास्त्रज्ञ काम करतायत.

पण मी लगेच उड्या मारणार नाही. आइसलँडचा दगड तरुण, भोकं मोकळी. आपला म्हातारा, त्याची बरीचशी भोकं आधीच भरलेली, कशाने तर झिओलाइटने आणि कॅल्साइटने. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत जे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक सापडतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जातात ते हेच. अंतराळ स्थानकातले मणी कारखान्यात बनवलेले असतात, पण कूळ तेच. दुसरं म्हणजे पाणी. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन सीओटूला पंचवीसेक टन पाणी लागतं. मराठवाड्यात एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बसलेल्या बाईला हे कोण सांगणार? आणि आपल्या विहिरी, बोअर याच दगडात आहेत, पिण्याचं पाणी त्यातून येतं, म्हणून किती खोल आणि कुठे हे नीट तपासल्याशिवाय एक पाइपही खाली जाता कामा नये. किनाऱ्यालगत समुद्राचं पाणी वापरून चालेल का, हे आइसलँडमध्येही तपासतायत, ते आपल्या जास्त कामाचं. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये पाण्याशिवाय, जवळपास हजार टन नुसता दाबलेला सीओटू आठ-नऊशे मीटरवर बेसाल्टमध्ये घातला, दोन वर्षांनी तिथून दगडाच्या कांड्या काढल्या तर भोकांत कार्बोनेटच्या गाठी तयार झालेल्या.

(दृश्य: हातातला काळा दगड, मध्ये पोकळी, आत पांढरे स्फटिक. बाजूला अर्धं लिंबू.)

हा दगड आमच्या विहिरीचा. आजोबांच्या वेळी सुरुंग लावला तेव्हा फुटून वर आला आणि तेव्हापासून देवघराच्या कोनाड्यात आहे. यातले काही खडे गारगोटी आहेत, काही कॅल्साइट, दिसायला दोन्ही पांढरेच. कोणता कोणता ते ओळखायला लिंबू पुरतं.

हा खडा. थेंब टाकला. काही नाही, नुसता ओला झाला. गारगोटी.

आता हा शेजारचा. कॅमेरा जवळ घ्या, अजून जवळ. थेंब टाकते. थांबा. कडेला बघा, बारीक बुडबुडे यायला लागलेत, मोहरीहून लहान, एकामागून एक. हा सीओटू कधीतरी जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला होता, मग दगडाने धरला, आणि आत्ता, या लिंबाच्या थेंबाने, सुटतोय.